नोकरीतला ताण : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बँकेची शाखा असो, हिंजवडीतली कंपनी, जिल्हा परिषदेचं कार्यालय, रुग्णालय किंवा शाळा, ताणाबद्दलचे प्रश्न बरेचसे सारखेच असतात. उत्तरं मात्र प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी निघतात. म्हणून शक्य तिथे नेमकं लिहिलं आहे.

ताण येतो तेव्हा शरीरात नक्की काय होतं?

अंगावर कुत्रा धावून आला की जे होतं, तेच. अ‍ॅड्रेनालिन काही सेकंदांत रक्तात येतं, छाती धडधडते, तळहात ओले होतात, पचन मागे पडतं. त्यापाठोपाठ कॉर्टिसोल वाढतं, पण ते सावकाश. त्याची पातळी साधारण २० ते ३० मिनिटांनी सर्वांत वर जाते. त्यामुळे दहाच्या रिव्ह्यूमध्ये बोलणी खाल्लेला माणूस साडेदहाला जागेवर बसला तरी शरीर अजून मीटिंगमध्येच असतं. या वेळेत लिहिलेला मेल हमखास बिघडतो. शरीर शांत होईपर्यंत थांबून मग उत्तर द्यावं, या जुन्या सल्ल्याला असा शारीरिक आधार आहे.

ताणाचे संशोधक हान्स सेली यांनी १९३६ मध्ये याचे तीन टप्पे मांडले: धोक्याची घंटा, तग धरणं आणि थकून जाणं. ऑफिसातली बहुतेक माणसं मधल्या टप्प्यात वर्षानुवर्षं राहतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं, काम होत असतं, म्हणून कुणाला, अगदी स्वतःलाही, काही कळत नाही.

थोडा ताण चांगला असतो ना? ट्रेनिंगमध्ये तसा आलेख दाखवतात.

तो उलट्या वाडग्यासारखा आलेख (ताण वाढतो तसं काम आधी सुधारतं, मग बिघडतं) यर्कीज आणि डॉडसन यांच्या १९०८ च्या प्रयोगाच्या नावावर खपवला जातो. तो प्रयोग उंदरांवर होता. विजेचे झटके देऊन त्यांना दोन खोक्यांतला फरक शिकवायचा होता. त्यावरून सेल्स टीमचं टार्गेट किती ठेवावं हे काढता येत नाही.

अनुभवाला पटेल अशी गोष्ट एवढीच की, ज्या दडपणाला शेवट आहे ते सोसतं. मार्च एंडला बँकवाले रात्री दहापर्यंत बसतात आणि एप्रिलमध्ये माणसात येतात. एप्रिलमध्येही मार्चच चालू राहिला की तब्येत बिघडायला लागते.

मला ताण कशाचा आहे हेच कळत नाही. काम तर सगळ्यांनाच आहे.

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पुढचे सगळे उपाय याच्या उत्तरावर अवलंबून आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

कामाचा ढीग हे एकच कारण नसतं. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की कामाची मागणी जास्त आणि ते कसं करायचं याची मुभा कमी, ही जोडी सर्वांत त्रासदायक ठरते. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण मोठ्या साहेबांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीत जास्त निघालं. पुढे १९९६ मध्ये योहानेस सीग्रिस्ट यांनी आणखी एक जोडी मांडली: राबणं भरपूर आणि बदल्यात पैसा, मान किंवा शाश्वती तुटपुंजी. कंत्राटी परिचारिका, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने कामाच्या ताणाची सहा मुळं ठरवून दिली आहेत. आपल्या शब्दांत ती अशी: काम (किती आणि केवढ्या वेळात), मुभा (कसं करायचं हे ठरवण्याची), आधार (शिकवणारं, मदत करणारं कुणी आहे का), माणसं (भांडण, अपमान, छळ), भूमिका (माझं काम नेमकं कोणतं) आणि बदल (नवी प्रणाली, नवा साहेब, बदली).

आता दहा कामाचे दिवस हे करा. खिशात मावेल अशी वही घ्या. दुपारी बारा, चार आणि घरी निघताना, अशा तीन वेळी ताणाला ० ते १० पैकी आकडा द्या. शेजारी गेल्या तासाभरात काय घडलं ते एका ओळीत लिहा आणि वरच्या सहापैकी एक शब्द टाका. दहा दिवसांत तीस नोंदी होतात. त्यातल्या ७ च्या वरच्या तेवढ्या मोजा.

निकाल बहुधा अनपेक्षित लागतो. ‘काम फार आहे’ म्हणणाऱ्याच्या वहीत ‘भूमिका’ सर्वांत जास्त वेळा निघते. दोन साहेब दोन वेगवेगळी कामं सांगतात आणि दोघांचीही ‘आजच’ असतात. शिक्षकांच्या वहीत शिकवणं क्वचितच येतं. निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं हेच पुन्हा पुन्हा येतं.

चूक होते ती इथे: रात्री घरी बसून आठवून तिन्ही नोंदी एकदम लिहिल्या जातात. मग दिवसातला शेवटचा प्रसंग सगळ्या दिवसावर पसरतो. नोंद त्या त्या वेळीच व्हायला हवी, दोन शब्दांची चालेल.

बर्नआउट म्हणजे नैराश्यच का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. व्यवसायाशी निगडित अवस्था अशी ती आहे, आणि तिच्या तीन खुणा आहेत: शक्ती पार संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

ढोबळ फरक असा. बर्नआउट झालेला माणूस गणपतीत गावी गेला की तिसऱ्या दिवशी खुलतो. परतीच्या गाडीत बसताना पोटात गोळा येतो. नैराश्य मात्र गावीही सोबत येतं. आरतीत मन लागत नाही, आवडीचं जेवण पुढ्यात असून घास उतरत नाही, माणसं नकोशी होतात. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि पहिलं लांबलं तर दुसऱ्याकडे नेऊ शकतं.

नैराश्य तपासणारी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही वापरतात. गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून उत्तरं द्यायची, गुण ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटावं. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज कितीही कमी आली तरी थांबू नये.

अ‍ॅसिडिटी, मान आखडणं, डोकेदुखी. हे सगळं ताणामुळेच का?

असू शकतं, पण आधी बाकीचं तपासून घ्या. थकवा आणि चिडचिड यांच्यामागे थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन, बी-१२ ची कमतरता किंवा वाढलेली साखर असते, असं बऱ्याचदा निघतं. या रक्ततपासण्या आणि रक्तदाब एकदा बघून घ्यावा. झोपेत घोरणं मोठं असेल आणि सकाळी डोकं जड होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं.

छातीत दडपल्यासारखं होऊन घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ‘टेन्शनमुळे असेल’ किंवा ‘गॅस असेल’ म्हणत सोडा पीत बसू नये. १०८ ला फोन करून ईसीजी होईल अशा ठिकाणी पोहोचावं.

पाच मिनिटांत मीटिंग आहे आणि हात थरथरताहेत. आत्ता काय करू?

नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. एक फेरी दहा सेकंदांची, म्हणजे पाच मिनिटांत तीस फेऱ्या. उच्छ्वास लांब ठेवला की हृदयाची गती खाली यायला मदत होते.

हे फसतं ते श्वास खोल घेण्याच्या नादात. छाती भरभरून भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास मोठा नको, संथ हवा. याच कारणाने कपालभाती आणि भस्त्रिका या वेळी करू नयेत. आणि पहिल्यांदा करून बघायचं ते मीटिंगच्या दारात नव्हे. आठवडाभर रोज घरी केलं असेल तरच त्या क्षणी जमतं.

वेळ असेल तर दोन मजले जिना चढून उतरा. शरीर पळण्याच्या तयारीत आहेच, त्याला थोडं पळू द्यावं.

चहा सोडावा का?

सोडू नका, वेळ बदला. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहाचा अर्धा अंमल रात्री अकराला शिल्लक असतो. शेवटचा कप दुपारी तीनच्या आत घ्यावा. दिवसाला सहा-सात कप होत असतील तर दर दोन-तीन दिवसांनी एक कमी करा. एकदम बंद केलं की डोकं दुखतं आणि चौथ्या दिवशी चहा पुन्हा पहिल्याइतकाच सुरू होतो.

अंथरुणावर पडलं की ऑफिस डोक्यात सुरू होतं.

अर्धवट राहिलेलं काम मनात टोचत राहतं. ते पूर्ण करावंच लागतं असं नाही. पुढे काय करायचं हे नक्की ठरलं तरी टोचणी पुष्कळ कमी होते, असं संशोधनात दिसलं आहे. म्हणून निघण्याआधीची पंधरा मिनिटं राखून ठेवा. उघडी राहिलेली सगळी कामं कागदावर उतरवा. प्रत्येकापुढे पुढची एकच कृती लिहा आणि ती क्रियापदासकट लिहा. ‘ऑडिट’ असं लिहून डोकं शांत होत नाही. ‘सकाळी कुलकर्णी मॅडमना व्हाउचर फाईल मागायची’ असं लिहिलं की होतं. उद्याचं पहिलं काम वर ठेवा आणि वही ऑफिसातच सोडा.

पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा. जागा नसेल तर खुर्चीत बसा. अंथरूण म्हणजे काळजी करण्याची जागा, ही सांगड मोडायची आहे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रविवारी फार तर तासभर उशीर. रविवारी अकरापर्यंत झोपलं की रात्री झोप येत नाही आणि सोमवारचं खापर ऑफिसवर फुटतं.

झोपेसाठी म्हणून पेग घेणाऱ्यांना डोळा पटकन लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते. पहाटे तीन-साडेतीनला जाग येऊन मन धावू लागतं, त्याला बऱ्याचदा हेच कारण असतं.

साहेबांना ‘नाही’ कसं म्हणायचं?

सरळ ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा ठरतो, आणि ‘हो सर’ म्हणून रात्री बसलं की पुढच्या वेळी तेच गृहीत धरलं जातं. मधला रस्ता म्हणजे हातातली कामं समोर ठेवून निवड त्यांच्यावर सोपवायची:

‘सर, हे करते. सध्या माझ्याकडे शुक्रवारचा रिपोर्ट आणि क्लायंटचा डेमो आहे, दोन्हीला मिळून दोन दिवस जातील. हे आधी हवं असेल तर यातलं कोणतं पुढे ढकलू?’

यात तक्रार नाही, आकडा आहे आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे आहे. ‘सगळंच आज पाहिजे’ असं उत्तर आलं तर म्हणा, ‘मग आज हे एवढं होईल, उरलेलं सोमवारी दुपारपर्यंत,’ आणि तेच दोन ओळींच्या मेलमध्ये पाठवून ठेवा. ‘मला फार ताण येतोय’ हे वाक्य अशा वेळी उपयोगी पडत नाही. ऐकणारा ते स्वभावावर नेतो.

सरकारी कार्यालयात तोंडी बोलण्यापेक्षा टिपणी बरी. प्रलंबित प्रकरणं किती, रोज किती निकाली निघतात, रिक्त पदं किती, एवढ्या तीन आकड्यांची अर्ध्या पानाची टिपणी सादर करून तिची पोच ठेवावी. काम लगेच कमी होईल असं नाही, पण उद्या कारणे दाखवा नोटीस आली तर तोच कागद कामाला येतो.

रात्री अकराला ग्रुपवर मेसेज येतात. उत्तर द्यावंच लागतं का?

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झालेला नाही. म्हणून तोडगा टीमपुरता काढावा लागतो.

जमण्यासारखा नियम एकच आहे: तातडीचं असेल तर फोन, बाकी मेसेज सकाळी. हा नियम साहेबांकडून वदवून घ्यावा आणि ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवावा. मग ग्रुप म्यूट करता येतो, कारण खरंच आग लागली तर फोन वाजणार आहे. नियम न ठरवता नुसता म्यूट केला तर ‘काही आलं असेल का’ म्हणून आपणच दर दहा मिनिटांनी उघडून बघतो.

अमेरिकेतल्या क्लायंटसोबत काम असेल तर आठवड्याच्या पाचही रात्री थोडं थोडं जागण्यापेक्षा दोन रात्री ठरवून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी उशिरा लॉगिन करण्याची मुभा त्याच बोलण्यात मागा. नंतर मागितली तर ती सवलत वाटते.

कायद्याने कामाचे तास किती?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि जादा कामाला दुप्पट दराने वेतन अशी मूळ तरतूद होती. १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी हा कायदा केला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तास आणि कामगारसंख्येची अट २० करायला मंजुरी दिली. व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदं या कायद्याबाहेर आहेत. पदनामात ‘मॅनेजर’ घालण्याची हौस कंपन्यांना का असते, याचं थोडं उत्तर इथेही मिळतं.

तब्येतीचा हिशेब वेगळा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. त्यात लोकलचे तीन तास धरलेले नाहीत.

बॉस सगळ्यांसमोर अपमान करतो. कुठे दाद मागू?

आधी नोंद ठेवा. तारीख, वेळ, जसे उच्चारले तसे शब्द, समोर कोण होतं. ‘नेहमी टाकून बोलतात’ याला तक्रारीत किंमत नसते, ‘१२ तारखेला साडेअकराला तिघांसमोर असं म्हणाले’ याला असते. नोंद स्वतःच्या वहीत ठेवा. पुरावा म्हणून कंपनीच्या फायली स्वतःच्या मेलवर पाठवू नका. गोपनीयतेचा भंग केला म्हणून उलट तुमच्यावरच कारवाई होते आणि मूळ तक्रार बाजूला राहते.

लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल तर २०१३ चा कायदा स्पष्ट आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. महिलेने घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात, आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. समितीच नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून अपमान केला तर त्याला वेगळा कायदा आहे, बाकी अपमानासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. साहेबांच्या वरचे साहेब, मग एचआर, हाच रस्ता. एचआरची माणसं चांगली असू शकतात, पण ती कंपनीची बाजू सांभाळण्यासाठी नेमलेली असतात. त्यांच्याकडे भावना घेऊन जाण्यापेक्षा तारखा आणि मागणी घेऊन जावं. मागणी नेमकी असावी: टीम बदल, रिपोर्टिंग बदल किंवा तिसऱ्या व्यक्तीसमोर बैठक.

विचार बदलले की ताण जातो म्हणतात. खरं आहे?

अर्धं खरं आहे. हा विचार मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या उपचारपद्धतीतला. तिला मराठीत ‘विवेकनिष्ठ’ हा नेटका शब्द मिळाला आणि कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली. घटना आणि तिचा मनावरचा परिणाम यांच्या मध्ये आपला दृष्टिकोन उभा असतो, हे तिचं सूत्र. अप्रेझलमध्ये कमी रेटिंग मिळालं ही घटना. ‘मला चांगलंच रेटिंग मिळायला हवं होतं, नाही मिळालं म्हणजे मी नालायक’ हा दृष्टिकोन. त्यातला ‘च’ शोधायचा आणि त्याच्याशी वाद घालायचा: असा नियम कुठे लिहिला आहे? एका माणसाने दिलेल्या आकड्यावरून पूर्ण माणूस कसा मोजता येईल? उरते ती निराशा, आणि ती असणारच. पण रात्र रात्र जागवणारी वेदना ओसरते.

दहा दिवसांच्या वहीत तुमच्या मोठ्या नोंदी ‘काम’ आणि ‘माणसं’ यांखाली असतील तर मात्र आधी तिथे हात घाला. तीन माणसांचं काम एकाच्या अंगावर टाकून त्याला सकारात्मक विचारांचं सत्र देणं ही शुद्ध फसवणूक आहे.

रात्रपाळी आहे. माझ्यासाठी काही वेगळं?

पाळ्या फिरत्या असतील तर सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम मागा. उलट्या क्रमाला शरीर जुळवून घेत नाही. दिवसा झोपायची खोली शक्य तितकी अंधारी करा, जाड चादर खिडकीला लावली तरी पुरते. घरी येताना गॉगल लावा. एकसलग झोप होत नसेल तर सकाळी चार-पाच तास आणि पाळीआधी दीड-दोन तास असे दोन तुकडे करा. पाळीत वीस मिनिटांची डुलकी मिळाली तर घ्या, पण तासभर झोपू नका, उठल्यावर अर्धा तास डोकं चालत नाही. पाळी संपल्यावर दुचाकीने लांबचा रस्ता टाळा.

मानसोपचारतज्ज्ञ की समुपदेशक? जायचं कुणाकडे?

झोप, भूक किंवा कामावर लक्ष दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर जा. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्या विषयात पदवी घेतलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्याचे उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक विचारायला संकोच करू नका. ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो.

खर्च परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात विचारा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. बाह्यरुग्ण विभागात दाखवलं म्हणजे कुणी भरती करून घेत नाही. टेली-मानस ही केंद्र सरकारची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही आहे.

नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली म्हणून बंद करणारे आणि महिन्याने बरं वाटलं म्हणून बंद करणारे, असे दोन प्रकारचे लोक हमखास पुन्हा येतात. या औषधांची नशा लागत नाही. सवय लागते ती चिंता कमी करणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. ओळखीच्या मेडिकलमधून त्या आणून महिनोन्‌महिने घेणं फार महागात पडतं.

ऑफिसला कळेल का?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे, डॉक्टर परस्पर कळवू शकत नाहीत. रजेच्या प्रमाणपत्रावर किती तपशील लिहावा हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायला सांगितलं आहे. अडचण अशी की बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, दर आठवड्याच्या सत्राचे देत नाहीत.

नोकरी सोडू का?

वहीतल्या ७ च्या वरच्या नोंदी एकाच माणसामुळे किंवा एकाच प्रोजेक्टमुळे असतील तर आधी तेवढंच बदलून मागा. सगळीकडे पसरलेल्या असतील आणि तीन महिन्यांत मागूनही काही हललं नसेल तर शोध सुरू करा. राजीनामा लिहिण्याआधी तीन गोष्टी बघा: घरखर्च आणि हप्ते धरून सहा महिन्यांची शिल्लक आहे का, कंपनीचा विमा संपल्यावर घरच्यांना दुसरा विमा आहे का, आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला थोडेच महिने तर उरलेले नाहीत ना.

खोट्या कागदांवर सह्या करायला लावत असतील तर हा हिशेब करत बसू नये, तिथून निघावं.

मी टीम लीडर आहे. मी काय करू शकते?

बरंच. ‘कसं चाललंय?’ विचारलं की ‘ठीक’ हेच उत्तर येतं. दर आठवड्याला प्रत्येकासोबत वीस मिनिटं बसा आणि विचारा: ‘या आठवड्यात काय अडकलं? त्यातलं मी काय हलवू शकते?’ मग त्यातली निदान एक गोष्ट शुक्रवारच्या आत हलवा. नाही हलवली तर तिसऱ्या आठवड्यापासून पुन्हा ‘ठीक’ सुरू होतं.

रात्री मेल लिहायची सवय असेल तर लिहा, पण सकाळी नऊला जाईल अशी वेळ लावून ठेवा. ‘उत्तर उद्या चालेल’ असं खाली लिहिलं तरी साहेबांचा मेल रात्री आला की माणूस उठून बसतोच.

सहकारी म्हणाला, ‘आता जगावंसंच वाटत नाही.’ चेष्टा असेल का?

चेष्टा समजू नका. बाजूला नेऊन स्पष्ट विचारा, ‘जीव द्यायचे विचार येताहेत का?’ विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘अरे, तुझी मुलं बघ’ असा उपदेश करू नका, ऐका. काही ठरवलं आहे का, साधन जवळ आहे का, हे विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, १४४१६ किंवा ११२ लावा आणि रुग्णालयात सोबत जा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका.

महिनाभराच्या रजेनंतर रुजू होतोय. भीती वाटते.

रुजू होण्याआधी साहेबांना एकदा फोन करून तीन गोष्टी ठरवा: पहिले दोन आठवडे कोणती कामं, कोणती अजिबात नाहीत, आणि अर्धा दिवस किंवा घरून काम शक्य आहे का. साठलेले मेल पहिल्या दिवशी उपसायला बसू नका. एका सहकाऱ्याकडून अर्ध्या तासात काय काय घडलं ते ऐका आणि गेल्या तीन दिवसांचेच मेल वाचा, खरंच महत्त्वाचं असेल ते लोक पुन्हा पाठवतात. ‘कुठे होतास?’ याचं एक वाक्य आधीच ठरवून ठेवा, ‘तब्येत बरी नव्हती, आता बरं आहे’ एवढं पुरे.

आणि शक्य असेल तर सोमवारी रुजू होऊ नका. गुरुवारी व्हा, म्हणजे पहिला आठवडा दोनच दिवसांचा होतो.